किनाऱ्यावरची मुले : एका चित्राचा अभ्यास



या अंकात आम्ही एका चित्राचा अभ्यास मांडणार आहोत. चित्र स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या किनाऱ्यावरचे आहे. ज्या समुद्राच्या पूर्वेकडील काठावर अश्दोद, अश्कलोन, हैफा येथे आपल्यापैकी कित्येकांची घरे आहेत, त्याच भूमध्य समुद्राचा हा पश्चिमेकडील काठ. चित्रकार होआकिन सोरोया. हे चित्र त्यांनी १८९९ च्या उन्हाळ्यात रंगविले. चित्राला एक नाव आहे व ते नाव चित्राइतकेच प्रसिद्ध आहे. परंतु ते आम्ही आत्ताच सांगणार नाही. त्याचे कारण पुढे येईल. ज्यांना नाव ठाऊक असेल त्यांनी ते घटकाभर मनातच ठेवावे. ज्यांना चित्र पाहावयाचे असेल त्यांनी घरातील नातवंडांना सांगून ते मोबाईलवर काढून घ्यावे, पण खाली लिहिलेल्या नावावर बोट ठेवून पाहावे.

तोरा शिकताना आपण आधी पशात, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, पाहतो आणि दराश, म्हणजे त्यातून काढलेला अर्थ, नंतर. चित्रालाही हाच क्रम लावावा असे आमचे मत आहे. अर्थ काढण्याची घाई झाली की डोळे मिटतात.

तर प्रथम सरळ पाहू. चित्र बरेच मोठे आहे, उंची २ मीटरहून थोडी अधिक आणि रुंदी ३ मीटरच्या जवळपास. समोर उभे राहिले की त्यातील मुले अंगाने खऱ्या मुलांएवढी वाटतात. जवळजवळ सबंध कापड समुद्राने व्यापले आहे. सोरोयांच्या इतर चित्रांत समुद्र चमचमतो. येथे तो गडद निळा, जड आहे. खाली ओल्या वाळूचा पट्टा. त्यावर आणि पाण्यात मिळून मुलांचा एक घोळका आहे. सगळी मुलेच, मुली नाहीत. त्या काळी किनाऱ्यावरची गरिबांची मुले कपडे काढून सरळ समुद्रात शिरत, तशीच ही. काही आधीच लाटांत पोहोचून खेळत आहेत, काही अजून काठावर आहेत. बहुतेकांनी आपल्याकडे पाठ केली आहे. त्यांचे लक्ष पाण्याकडे आहे.

एवढ्यावरून हे एखाद्या सुटीच्या दिवसाचे चित्र म्हणता आले असते. परंतु पुढच्या बाजूस एक मुलगा कुबड्यांवर उभा आहे. पाय काटकुळे, मांडीपासून खाली मांसच नसल्यासारखे. आणखी एकाचेही पाय असेच वाळलेले आहेत. दुसऱ्या कोणाला नीट दिसत नसावे, तो चाचपडत चालल्यासारखा वाटतो. आणि या उघड्या अंगांच्या मधोमध काळा पायघोळ झगा घातलेला एक उंच माणूस आहे. तो ख्रिस्ती धर्मबंधू आहे आणि एका मुलाला आधार देत आहे. चित्रात मोठे माणूस एवढे एकच. आई नाही, बाप नाही, किनाऱ्यावर जाळी आवरणारा कोळीही नाही.

आता यामागची हकीकत. ती सोरोयांनी स्वतःच पुढे सांगून ठेवली आहे. त्या उन्हाळ्यात ते व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या चित्राचा अभ्यास करीत होते. दूरवर त्यांना पाण्याजवळ काही उघडी मुले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एकटा धर्मबंधू दिसला. चौकशी केल्यावर कळले की ही सान हुआन दे दिओस या संघाच्या रुग्णालयातील मुले. आजाऱ्यांची शुश्रूषा करणे हेच या संघाचे व्रत. आंधळी, पांगळी, मतिमंद, महारोगी, ज्यांना समाजाने बाजूला टाकले अशी मुले तेथे ठेवलेली असत. सोरोयांच्या मनावर त्याचा एवढा परिणाम झाला की त्यांनी रुग्णालयाच्या मुख्यांकडून परवानगी काढली आणि तेथेच, समुद्राच्या काठावर, चित्राला हात घातला.

सोरोया त्या वेळी ३६ वर्षांचे होते. जन्म व्हॅलेन्सियाचाच, २७ फेब्रुवारी १८६३ चा. ते दोन वर्षांचे असताना, १८६५ साली, कॉलऱ्याच्या साथीत त्यांचे आई आणि वडील दोघेही गेले. त्यांना व त्यांच्या धाकट्या बहिणीला मावशीने आणि तिच्या यजमानांनी वाढविले. हे गृहस्थ कुलपे बनविणारे कारागीर होते. ज्याचे बालपण एका साथीने असे उलटेपालटे केले, तो माणूस आईबापांवाचून राहणाऱ्या मुलांच्या घोळक्यासमोर इझल मांडून बसला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मात्र चरित्रातील एका गोष्टीवरून सबंध चित्र उलगडले असे मानणे आम्हाला पसंत नाही.

आता नाव सांगतो. चित्राचे नाव आहे ‘त्रिस्ते एरेन्सिया’, म्हणजे ‘दुःखद वारसा’.

हे नाव ऐकून पुन्हा चित्र पाहा. पाहता पाहता काहीतरी बदलते. कुबड्या त्याच, पाय तेच, समुद्रही तोच. पण आतापर्यंत आपण मुलांकडे पाहत होतो, आणि आता नजर मुलांच्या पाठीमागे, चित्रात नसलेल्या कोणाला तरी शोधू लागते. वारसा म्हटला की तो ठेवून जाणारा आला. कोणी ठेवला हा वारसा? नाव उत्तर देत नाही, पण बोट दाखविते. ते बोट आईबापांकडे आहे.

सोरोयांनी आधी योजलेले नाव याहून उघड होते. ‘सुखविलासाची मुले’ असे त्याचे मराठी करता येईल. म्हणजे आईबापांनी दारू प्यावी, वाईट चालीने वागावे, आणि त्याची भरपाई मुलांनी आपल्या हातापायांनी करावी. व्हॅलेन्सियाचे कादंबरीकार व्हिसेन्ते ब्लास्को इबान्येस हे सोरोयांचे स्नेही. त्यांनी ‘दुःखद वारसा’ हे नाव सुचविले असे सांगतात. शब्द सौम्य झाला, आरोप राहिला.

यात सोरोयांचा दुष्टपणा नव्हता. त्या काळच्या शिकल्यासवरल्या युरोपची हीच समजूत होती. पॅरिसचे नावाजलेले डॉक्टर आल्फ्रेड फूर्निए हे उपदंश, म्हणजे गरमीचा रोग, पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो यावर मोठमोठे ग्रंथ लिहीत होते. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांनी १८८१ साली ‘भुते’ या नाटकात बापाच्या दुर्वर्तनाचे फळ भोगणारा मुलगा रंगभूमीवर आणला होता. उपदंशाचा जंतू सापडला १९०५ साली, म्हणजे चित्रानंतर सहा वर्षांनी. आजारी आईकडून पोटातील बाळाला हा रोग लागतो हे खरेच आहे. परंतु तो संसर्ग आहे, वारसा नव्हे, आणि आज आईला वेळेवर औषध दिल्यास टळतो. त्या वेळी मात्र आंधळेपणा, पांगळेपणा, वेड, सगळे एकाच गाठोड्यात बांधून त्यावर ‘आईबापांचे पाप’ अशी चिठ्ठी चिकटविली जाई.

आणखी एक वारसाही त्या वेळच्या स्पॅनिश प्रेक्षकांच्या मनात असणार. आदल्याच वर्षी, १८९८ साली, अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले होते. साम्राज्य संपले, देश खचला, हे मागच्या पिढ्यांनी आमच्या माथी मारले, अशी चर्चा जिकडे तिकडे चालली होती. अशा वेळी या मुलांत पुष्कळांनी सबंध देशच पाहिला. चित्राचा गौरवही तसाच झाला. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि १९०१ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात मानाचे पदक. पांगळ्या मुलाला देशाचे प्रतीक केले की देशाची कीव येते. मुलगा मात्र तेथेच कुबड्यांवर राहतो.

आता डॉक्टर काय म्हणतात ते पाहू. या चित्रातील निदान दोन मुलांना पोलिओ झाला असावा असे पुढे वैद्यकीय जाणकारांनी म्हटले आहे. वरचे अंग ठीक, पाय वाळलेले, सांधे सैल, भार कुबड्यांवर, ही त्याची ओळख. आमच्या पिढीतील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या शाळेत असो वा कोकणातील गावात, वर्गात कॅलिपर घातलेला एखादा तरी सोबती असे. आणि येथे इस्राएलातही १९४९ पासून पुढे काही वर्षे या रोगाची मोठी साथ होती. १९५० या एका वर्षात हजाराहून अधिक रोगी झाले. त्या वेळी मा'बारातील तंबूंतून राहणाऱ्या आयांनी काय भोगले असेल ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक.

पोलिओ हा विषाणूचा रोग आहे हे व्हिएन्नात कार्ल लांडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी १९०८ साली दाखविले. हा विषाणू घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो. तेथून क्वचित तो मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हलवितात त्यांच्यापर्यंत पोहोचतो व त्यांचा नाश करतो. क्वचित हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या मुलांच्या शरीरात विषाणू शिरतो त्यांतील फार मोठ्या संख्येला काही कळतही नाही. अंदाजे २०० मधील एकाचे हातपाय कायमचे जातात. म्हणजे एकाच घरातील, एकाच ताटात जेवणारी पाच भावंडे. चार उड्या मारतात आणि एकाचा पाय जातो. शेजारचे म्हणतात, याच्याच वाट्याला का? आणि ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही तेथे माणसे पाप शोधून आणतात. आपल्या मराठीतही हे बोलणे आहेच. ‘कोणाचे तरी पाप भोगतोय बिचारा’, असे म्हणताना बोलणाऱ्याला वाटते आपण दया दाखविली. ऐकणाऱ्या आईला काय वाटते ते कोणी विचारीत नाही. अशा कित्येक आयांनी मुलाला पाहुण्यांसमोर आणलेच नाही.

येथे आपल्या ग्रंथांकडे वळणे भाग आहे, कारण हा वाद तेथे फार पूर्वी झालेला आहे. आईबापांच्या अपराधाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे शब्द दहा आज्ञांत आहेत. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक एक म्हण वापरीत होते. तिचा आशय असा की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ही म्हण घेऊन ती सरळ बंद करावयास सांगितले. ज्याचे कर्म त्याला, बापाचे मुलाला नाही आणि मुलाचे बापाला नाही, हा त्या अध्यायाचा गाभा. यिर्मयानेही तीच म्हण घेतली आहे. याहून धीट गोष्ट तल्मुदात, मक्कोत या भागाच्या अखेरीस आहे. तेथे म्हटले आहे की मोशेने दिलेले चार निर्णय पुढच्या चार संदेष्ट्यांनी येऊन रद्द केले, आणि त्यांतील हा एक यहेज्केलाने रद्द केला. आपल्या रब्बींनी मोशे रब्बेनूंच्या बाबतीत एवढे लिहून ठेवावे, यावरून हा प्रश्न त्यांना किती बोचत असेल याची कल्पना येते.

आपल्या बेने इस्राएल समाजाला तर हे दुरून समजून घ्यावयाची गरजच नाही. १९६२ साली, आपल्या मुलामुलींची लग्ने नोंदविण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची, जमेल तितके मागे जाऊन, चौकशी करावी अशा सूचना निघाल्या होत्या. कोकणात कोणे एके काळी कोणी घटस्फोट कसा घेतला, कोणी कोणाशी लग्न लावले, याचा हिशेब लोदमधल्या वा बेर-शेवामधल्या वीस वर्षांच्या मुलीने द्यावयाचा होता. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये त्यावर चर्चा झाली, तेव्हा कोठे आपल्या समाजाचे नाव त्या सूचनांतून गेले. त्या धरण्यात बसलेले काही वाचक आजही आपल्यात आहेत. ‘दुःखद वारसा’ हे शब्द कानावर पडले की त्यांना काय आठवेल ते आम्ही निराळे लिहीत नाही.

पुन्हा चित्राकडे. नाव बाजूला ठेवून आणि नाव लक्षात घेऊन, असे दोन्ही प्रकारांनी पाहिल्यावर आम्हाला जे दिसते ते मांडतो. वाचकांना वेगळे दिसले तर जरूर कळवावे.

ही मुले कोठे चालली आहेत? पाण्याकडे. रुग्णालयाचा हा रोजचा शिरस्ता असावा. समुद्रस्नान हे त्या शतकात क्षयाच्या गाठी आणि मुडदूस यांवरचे औषध समजले जाई, आणि म्हणूनच युरोपात ठिकठिकाणी मुलांची रुग्णालये किनाऱ्यावर बांधली गेली. त्यात भाबडेपणा होता, पण सगळाच नव्हे. १९१९ साली बर्लिनमधील यहुदी बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी सिद्ध केले की अतिनील किरणांनी, म्हणजे सूर्यप्रकाशात असतात त्या किरणांनी, मुडदुसाची वाकलेली हाडे सुधारतात. नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडून इजिप्तला जावे लागले. तेव्हा सोरोयांनी मुलांच्या पाठींवर जे ऊन रंगविले आहे ते नुसती शोभा नाही. त्यांतल्या काहींचे ते औषध होते, आणि ते देणाऱ्या धर्मबंधूलाही ते कसे काम करते हे ठाऊक नव्हते.

पोलिओने गेलेला पाय उन्हाने येत नाही. पण पाण्याचा एक गुण आहे. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले की शरीराचा बहुतेक भार पाणी उचलते. जमिनीवर जो पाय उचलत नाही तो पाण्यात हलतो. आजही अशा रोग्यांना व्यायामासाठी तलावात उतरवितात ते याचसाठी. म्हणजे तो कुबड्यांवरचा मुलगा ज्या दिशेने चालला आहे, तेथे त्याला कुबड्या लागणार नाहीत. वाळूतील शेवटची काही पावलेच कठीण. कुबडीचे टोक ओल्या वाळूत रुतते. नेमके तेथेच, त्याच पावलांसाठी, मोठ्या माणसाचा आधार आहे. पुढे लाटांत जी मुले खेळत आहेत त्यांच्यातील पांगळा कोण आणि धडधाकट कोण हे एवढ्या लांबून सांगता येत नाही. सोरोयांनी हे हेतुपुरस्सर केले की नाही या वादात आम्ही पडत नाही. हातांनी रंगविलेले डोक्याने ठरविलेल्याहून अधिक असू शकते. नाव मागे पाहते, चित्रातील मुले पुढे चालली आहेत, एवढे मात्र कोणालाही दिसेल.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही दुःखाचे चित्र गोड करून सांगता. तसे नाही. समुद्राचा तो जड रंग, मुलांची खाली झुकलेली डोकी, काळ्या झग्याची उभी रेघ, यांत दुःख भरपूर आहे. सोरोयांनीही नंतर सांगितले की हे चित्र काढताना आपल्याला फार यातना झाल्या आणि असा विषय आपण पुन्हा घेणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. त्याआधीची त्यांची काही चित्रे समाजाची दुःखे सांगणारी होती. १८९४ च्या एका चित्रात नावेच्या पोटात जखमी पडलेला तरुण कोळी आहे. त्याच्या नावाचा अर्थ, एवढे असून लोक म्हणतात मासळी महाग! १८९९ नंतर मात्र ऊन, पाणी, धावणारी मुले, वाऱ्यात उडणारे पांढरे कपडे हेच त्यांचे विषय झाले. १९०९ साली न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत त्यांचे प्रदर्शन भरले, ते महिन्याभरात सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी पाहिले. थंडीच्या दिवसांत लोक रांगा लावून ऊन पाहावयास आले, असेच म्हणा ना.

त्या उन्हाच्या चित्रांपैकी एक शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ‘किनाऱ्यावरची मुले’, १९१०, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. तीन मुलगे पाण्याच्या काठाशी ओल्या वाळूत पालथे पडले आहेत. आकाश नाही, क्षितिज नाही, फक्त पाण्याची पातळ चादर आणि तिच्यात हललेली त्यांची प्रतिबिंबे. एक मुलगा मान वळवून दुसऱ्याकडे पाहतो. बाकी काहीच घडत नाही. नवगाव, रेवदंडा, अलिबागकडच्या आपल्या वाचकांनी ही निवांत अंगे पाहिलेली आहेत, कदाचित आपलीच. या चित्राला कोणी आईबापांचा वारसा म्हटले नाही. धडधाकट मुलांच्या बाबतीत तो प्रश्न कोणाला सुचतच नाही. व्हॅलेन्सियाचा तोच समुद्र, तोच चित्रकार; फक्त पाय शाबूत आहेत.

१९२० साली बागेत एका बाईंचे चित्र काढीत असताना सोरोयांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर त्यांना रंगविता आले नाही. १० ऑगस्ट १९२३ रोजी ते वारले.

आपल्या चित्राचा पुढचा प्रवासही चमत्कारिक आहे. ते अमेरिकेत गेले, एका धनिकाने विकत घेतले आणि न्यूयॉर्कमधील एका चर्चला दिले. तेथे, मुलांच्या रविवारच्या शाळेत, ते कित्येक वर्षे टांगलेले होते. त्या मुलांना शिक्षकांनी काय सांगितले असेल! पुढे व्हॅलेन्सियाच्या बचत बँकेने ते परत घेतले, आणि आता ते त्याच शहरात, बँकेच्या प्रतिष्ठानाच्या संग्रहात आहे.

पोलिओचे पुढे काय झाले हे वाचकांना ठाऊक आहे, तरी सनावळी देतो. न्यूयॉर्कच्या यहुदी कुटुंबातील जोनास सॉक यांची टोचण्याची लस १९५५ साली आली. बियालिस्तोकला जन्मलेल्या आल्बर्ट साबिन यांनी तोंडात थेंब टाकण्याची लस काढली. हेच साबिन १९७० पासून काही काळ रहोवोतच्या वाइझमन संस्थेचे अध्यक्ष होते. इस्राएलात १९५७ साली मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यास सुरुवात झाली. १९६८ साली अपंगांचे जागतिक क्रीडासामने तेल अवीव व रमत गान येथे झाले, आणि इस्राएलच्या संघात लहानपणी पोलिओ झालेले कित्येक खेळाडू होते. पाण्यातल्या शर्यतींत तर त्यांनी पुष्कळ पदके घेतली. भारतात थेंबांची मोहीम १९९५ साली सुरू झाली. तेथे नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्यात नोंदला गेला व २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मात्र गोष्ट पुरती संपलेली नाही. २०१३ साली दक्षिण इस्राएलच्या सांडपाण्यात हा विषाणू सापडला आणि मुलांना पुन्हा थेंब द्यावे लागले. २०२२ साली जेरुसलेममध्ये लस न घेतलेल्या एका बालकाला पक्षाघात झाला. तेव्हा तिपत हलावहून नातवंडांच्या लसीची चिठ्ठी आली तर ती फ्रिजवर लावून विसरू नये.

आता अभ्यासमंडळांसाठी काम. शब्बाथ सुटल्यावर हे चित्र घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलांना दाखवा. नाव सांगू नका, रुग्णालयाचेही सांगू नका. कोण कोठे चालले आहे एवढेच विचारा. मग त्यांना चित्राला नाव द्यावयास सांगा, हिब्रूत दिले तरी चालेल, आणि ते कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यानंतरच खरे नाव सांगा आणि ती काय म्हणतात ते ऐका. मुलांनी दिलेली नावे, त्यांच्या वयासह, आम्हाकडे पाठवावीत. जागा असेल तेवढी पुढील अंकात छापू.